दहावीच्या टक्क्यांमागचं जनरल रजिस्टर

दहावीचा निकाल लागला की मुंबईच्या पेपरांत एक चौकट हमखास येते: महापालिका शाळांचा निकाल अमुक टक्के. २०१८ साली तो ७३.८१ टक्के होता, २०१९ साली ५३.१४ आणि २०२० साली ९३.२५. एका वर्षात वीस टक्क्यांनी घसरण, पुढच्याच वर्षी चाळीस टक्क्यांची उडी. वस्त्या त्याच होत्या, वर्ग तेच होते, शिक्षकही बहुतेक तेच. बदलली होती परीक्षा. २०१९च्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले वीस गुण (तोंडी परीक्षेचे वगैरे) काढून घेतले गेले, ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी ते परत आले. शिवाय २०२०मध्ये करोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, त्याचे गुण सरासरीने दिले गेले.

या तीन वर्षांत राज्याचा निकालही हलला: ८९.४१, ७७.१० आणि ९५.३०. पण दोन्ही रांगा शेजारी ठेवून बघा. तोंडी गुण होते तेव्हा महापालिकेची मुलं राज्यापेक्षा पंधरा-सोळा टक्के मागे होती, ते काढल्यावर चोवीस टक्के मागे गेली आणि परत दिल्यावर जेमतेम दोन टक्के मागे राहिली. म्हणजे राज्यभरातल्या मुलांना त्या वीस गुणांचा आधार होता, पण पालिकेच्या मुलांचा जवळजवळ सगळा भार त्यांच्यावरच होता. असं का, हे कळायला शंभराहून जास्त वर्षं मागे जावं लागतं.

प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, असं महात्मा फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढच्या निवेदनात मागितलं होतं. सहा वर्षांनी, १८८८ साली, मुंबई महापालिकेचा कायदा झाला. त्यात प्राथमिक शाळा चालवणं हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य ठरलं, त्यापुढचं शिक्षण मात्र ऐच्छिक कामांच्या यादीत गेलं. जमलं तर करा, नाही केलं तरी कुणी विचारणार नाही. सक्तीचा कायदा शहरासाठी १९२० साली झाला आणि १९२५पासून ती सक्ती एफ आणि जी वॉर्डांत, म्हणजे गिरणगावाच्या मोठ्या भागात, लागू झाली. पण ती सक्तीसुद्धा प्राथमिकपुरतीच होती. पालिकेच्या प्राथमिक शाळा शेकड्यांनी उभ्या राहिल्या, माध्यमिक त्या मानाने फार थोड्या. सातवीची परीक्षा झाली की मूल दाखला घेऊन एखाद्या खाजगी अनुदानित हायस्कूलचा दरवाजा ठोठवायचं. ज्याला तिथे जागा मिळाली नाही किंवा ज्याच्या घरी फी आणि बसभाडं परवडलं नाही, ते पालिकेच्या माध्यमिक शाळेत यायचं. माझ्या मते आजच्या निकालाचं मूळ इथेच आहे. ही हायस्कुलं जन्मापासूनच मागे राहिलेल्या मुलांची हायस्कुलं होती.

ही मुलं कोण होती, ते शाळेच्या जनरल रजिस्टरात सापडतं. लांबरुंद, कापडी बांधणीचं पुस्तक. प्रत्येक मुलाला एक ओळ: रजिस्टर नंबर, नाव, आईचं नाव, धर्म-जात, जन्मस्थळ, आधीची शाळा, दाखल तारीख, सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण. गिरणगावातल्या शाळेचं जुनं रजिस्टर उघडलं की जन्मस्थळाच्या रकान्यात खेड, चिपळूण, राजापूर, कराड, पाटण अशी गावं एकाखाली एक उतरत जातात. बाप साच्यावर, आई खानावळ चालवणारी, मूल पालिकेच्या मराठी शाळेत. त्या काळच्या लालबाग-परळमध्ये पालिकेची प्राथमिक शाळा ही गरिबाची शाळा नव्हती, सगळ्या चाळीची शाळा होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले. गिरण्या पुन्हा धड सुरू झाल्याच नाहीत. १९९१च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केली, २००१च्या दुरुस्तीने ती आणखी रुंद केली. कुणी गावी परतलं, कुणी डोंबिवली, बदलापूर, विरारला गेलं. जे राहिले त्यांनी पोटाला चिमटा काढून मुलं इंग्रजी माध्यमात घातली. या पालकांना नावं ठेवणं मला पटत नाही. ज्यांनी संपात सगळं गमावलं, त्यांना मुलाच्या हातात इंग्रजी हीच एक खात्रीची गोष्ट वाटली. पण त्यामुळे शाळा रिकाम्या झाल्या. २०१०-११ साली पालिकेच्या मराठी शाळा चारशेच्या वर होत्या, दहा वर्षांत त्या तीनशेच्या आत आल्या. पटसंख्या तर लाखावरून त्याच्या निम्म्याच्याही खाली गेली.

रजिस्टर मात्र बंद झालं नाही. जन्मस्थळाच्या रकान्यात आता गोंडा, बस्ती, आझमगड, दरभंगा ही उत्तर प्रदेश-बिहारातली नावं यायला लागली. पालिका आठ माध्यमांत शिकवते: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी. मराठी वर्ग ओस पडत असताना गोवंडी-मानखुर्दच्या उर्दू आणि हिंदी शाळांत बाकं पुरेनाशी झाली. हा एम पूर्व वॉर्ड. पालिकेच्याच २००९च्या मानव विकास अहवालात तो शहरात तळाला होता. इथलं मूल मे महिन्यात गावी जातं आणि परतीचं तिकीट मिळेल तेव्हा येतं, कधी जुलै उजाडतो. घरी जरीकाम किंवा भंगार निवडायचं काम चालू असतं, त्यात मुलांचे हातही लागतात. आणि जिची घरची भाषा अवधी किंवा भोजपुरी, तिला शाळेत हिंदी किंवा उर्दूत लिहायचं असतं आणि दहावीला मराठीचा पेपरही द्यायचा असतो. अशा मुलीला तोंडी परीक्षेचे गुण म्हणजे खिरापत, असं म्हणणाऱ्याने तिच्या वर्गात एक दिवस बसून बघावं. ती बोलते छान. अडतं ते लिहिताना.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला आणि सहा ते चौदा वयापर्यंतचं शिक्षण मुलांचा हक्क झालं. सातवीची रेघ आठवीवर सरकली, पण पुसली गेली नाही. घराजवळची शाळा, मोफत शिक्षण आणि २०२३पर्यंत नापास न करण्याचं धोरण, सगळं आठवीपर्यंत. गणवेश-दप्तरासकट सत्तावीस वस्तू पालिका देते, हे मोठं काम आहे. पण आठवी झाली की मूल पुन्हा त्याच जुन्या दारापाशी येऊन उभं राहतं. तमिळ किंवा तेलुगू माध्यमाच्या मुलाला तर त्याच्या भाषेतली माध्यमिक शाळा चालत जाता येईल इतक्या अंतरावर सापडणंच कठीण.

आणि मग नववी. त्या धोरणाखाली आठ वर्षं न अडता आलेलं मूल इथे पहिल्यांदा अडायचं. निकाल सांभाळायच्या चिंतेत असलेल्या शाळा कच्च्या मुलाला नववीतच थांबवतात किंवा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सुचवतात. हे खाजगी शाळांतही सर्रास चालतं. दहावीचा टक्का काढताना भागाकार होतो तो परीक्षेला बसलेल्या मुलांनी. वाटेत गळालेलं मूल त्या भागाकारात येतच नाही.

२०२०मध्ये पालिकेने आपल्या शाळांना ‘मुंबई पब्लिक स्कूल’ हे नाव दिलं आणि जोगेश्वरीच्या पूनमनगरात सीबीएसईची शाळा काढली. प्रवेशासाठी इतके अर्ज आले की लॉटरी काढावी लागली. पालकांचा राग पालिकेच्या शाळेवर नव्हता, तिथे मिळत नसलेल्या गोष्टींवर होता, हे त्या गर्दीने दाखवलं. पण लॉटरीत नंबर न लागलेल्यांसाठी जवळची जुनी शाळा आणि तिचं रजिस्टर तसंच आहे.

त्या रजिस्टरातला शेवटचा रकाना निकालाच्या चौकटीत कधी येत नाही. शाळा सोडण्याचं कारण: ‘गावी गेल्यामुळे’, ‘पालकांच्या विनंतीवरून’, ‘सतत गैरहजर’. पुढच्या निकालाच्या दिवशी पालिकेने टक्क्यांशेजारी एवढंच छापावं: आज दहावीला बसलेली मुलं दोन वर्षांपूर्वी आठवीत असताना त्यांच्यासोबत किती जण होते.