अननुवाद्य शब्द

अननुवाद्य शब्द : एका भाषेतील ज्या शब्दाचा संपूर्ण आशय दुसऱ्या भाषेतील कोणत्याही एका शब्दात मावत नाही, तो त्या भाषेपुरता अननुवाद्य मानला जातो. अशा शब्दाचा अर्थ सांगताच येत नाही असे नव्हे. मात्र तो सांगायला कधी वाक्य, तर कधी अख्खा परिच्छेद खर्ची पडतो, आणि मूळ भाषकाच्या तोंडी सहज येणारा शब्द परक्या भाषेत स्पष्टीकरण होऊन बसतो. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकॉब्सन यांनी १९५९ मध्ये असे प्रतिपादन केले, की कोणताही ज्ञानात्मक अनुभव कोणत्याही भाषेत मांडता येतो. शब्द अपुरा पडला तर तो उसना घ्यावा, नवा घडवावा किंवा जुन्याचा अर्थ वाढवावा. खऱ्या अर्थाने अननुवाद्य असते ती कविता, असे त्यांचे मत होते. भाषाशास्त्रज्ञ जे. सी. कॅटफर्ड यांनी १९६५ मध्ये भाषिक (दुसऱ्या भाषेत तसे रूप नसणे) आणि सांस्कृतिक (दुसऱ्या संस्कृतीत ती गोष्टच नसणे) अशी अननुवाद्यतेची विभागणी केली. प्रत्यक्षात बहुतेक शब्दांत दोन्ही कारणे गुंतलेली दिसतात.

या प्रश्नाचा सर्वांत मार्मिक विचार फार पूर्वी, संस्कृत ग्रंथ चिनी भाषेत नेताना झाला. सातव्या शतकातील चिनी भिक्षू आणि अनुवादक ह्युएनत्संग याच्या नावावर नोंदलेल्या पाच नियमांनुसार काही शब्दांचे भाषांतर न करता केवळ उच्चार लिहावा : मंत्रासारखे गूढ शब्द, ‘भगवत्’सारखे अनेकार्थी शब्द, चीनमध्ये नसलेल्या जंबू वृक्षासारख्या वस्तूंची नावे, पूर्वीच्या अनुवादकांनी मूळ रूपात रूढ केलेले शब्द आणि ज्यांच्या उच्चाराने आदर जागतो असे शब्द. शेवटच्या नियमाचे उदाहरण ‘प्रज्ञा’ हे आहे. तिच्यासाठी शहाणपणा या अर्थाचा चिनी शब्द उपलब्ध होता; पण तो वापरल्यास संकल्पना उथळ वाटेल, म्हणून मूळ ध्वनीच राखला गेला. म्हणजे प्रतिशब्द मिळूनही भाषांतर नाकारता येते, ही सूक्ष्म जाण या नियमांत आहे.

कोणताही शब्द एकटा, स्वयंभूपणे अननुवाद्य नसतो. तो कोणत्या भाषेत न्यायचा यावर सारे अवलंबून असते. घराची किंवा हरवलेल्या काळाची ओढ व्यक्त करणारा वेल्श ‘हिराइथ’ इंग्रजीत आणताना अनुवादक अडतात, पण कॉर्निश आणि ब्रेटन या भगिनीभाषांत त्याची सख्खी भावंडे आहेत. ‘खायचे नव्हते, पण खाऊन संपले’ एवढा आशय जॉर्जियन भाषेतील ‘शेमोमेचामा’ हे एकच क्रियापद सांगते. इंग्रजीला त्यासाठी बरेच शब्द जुळवावे लागतात. मराठीत मात्र ‘माझ्याकडून खाल्ले गेले’ या रचनेत कर्त्याच्या हेतूवाचून घडलेली क्रिया बरीचशी उतरते.

दुरावलेल्याची ओढ सांगणाऱ्या पोर्तुगीज ‘सौदाद’ या शब्दाला अन्य भाषांत जोड नाही, असे पंधराव्या शतकातच पोर्तुगालचा राजा दुआर्ते याने लिहून ठेवले होते. मराठीतील ‘हुरहूर’ त्यातील अस्वस्थता पकडते, पण ती कशामुळे आहे हे मोघम ठेवते. ‘विरह’ बहुधा प्रिय व्यक्तीशी बांधलेला राहतो. सौदाद माणसाची, गावाची किंवा स्वतःच्या बालपणाचीही असते, आणि तिच्यात दुःखाबरोबर गोडवाही असतो. पोर्तुगीज बोलीत माणसाला सौदाद ‘असते’, आणि भेट झाली की तो ती ‘मारतो’. या क्रियापदांची सोबत सुटली की शब्दाचा निम्मा जीव जातो, म्हणून निव्वळ कोशातील अर्थ येथे कमी पडतो.

फ्रेंच तत्त्वज्ञ बार्बारा कासँ यांच्या संपादनाखाली २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय तत्त्वज्ञानाच्या फ्रेंच कोशात अननुवाद्य म्हणजे ज्याचे भाषांतर करणे, आणि न करणेही, कधी थांबत नाही ते, अशी भूमिका घेतली आहे. शब्द तसाच उसना घेणे हा भाषांतर न करण्याचाच एक मार्ग होय. १७७७ मध्ये कॅप्टन कुक यांनी टोंगा बेटांवर ऐकलेला ‘तापू’ (पवित्र, म्हणून निषिद्ध) हा शब्द इंग्रजीत ‘टॅबू’ झाला, मात्र त्यातील पावित्र्याची छटा मागे पडून निषेध तेवढा उरला.

दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडील याघान भाषेतला ‘मामिहलापिनातापाई’ जगभर गाजला. दोघांनाही हवी असलेली गोष्ट दुसऱ्याने सुरू करावी अशा अपेक्षेने त्यांनी एकमेकांकडे पाहणे, असा त्याचा अर्थ दिला जातो. शब्द उलगडला तर मुळाशी ‘पुढे काय करावे ते न सुचणे’ हा धातू सापडतो, आणि शेवटचा प्रत्यय दोघांचा निर्देश करतो. नजरेचा त्यात उल्लेख नाही. याघान मातृभाषा असलेल्या अखेरच्या भाषक क्रिस्तिना काल्देरोन २०२२ मध्ये निवर्तल्या. त्यामुळे हा शब्द रोजच्या बोलण्यात नेमका केव्हा येत असे, हे विचारण्यासाठी आता मातृभाषक राहिलेला नाही.