रोतुमन भाषा

रोतुमन भाषा : दक्षिण प्रशांत महासागरातील रोतुमा बेटाची भाषा. ऑस्ट्रोनेशियन कुळातील ओशनिक शाखेत तिचा समावेश होतो. रोतुमा हे जेमतेम ४३ चौ. किमी. क्षेत्रफळाचे ज्वालामुखीजन्य बेट फिजीची राजधानी सुवा हिच्या उत्तरेस सहाशेहून अधिक किमी.वर एकटेच आहे. १३ मे १८८१ रोजी ते ब्रिटनकडे गेले; आज ते फिजीचा भाग आहे. बेटावर दोन हजारांहूनही कमी लोक उरले असून बहुतेक रोतुमन फिजीच्या इतर बेटांवर किंवा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये स्थायिक झाले आहेत.

या भाषेत व्यंजने चौदाच. ब, द, ग हे घोष स्पर्शवर्ण नाहीत आणि महाप्राणही नाहीत. गळ्यात श्वास क्षणभर अडवून सोडलेला ध्वनी मात्र स्वतंत्र व्यंजन आहे. आपल्याला ‘वाङ्‌मय’ लिहितानाच आठवणारा ङ येथे शब्दाच्या आरंभीही येतो : ‘ङाङाचा’ म्हणजे सरदार.

रोतुमनची खरी ख्याती आहे ती वर्णविपर्ययामुळे. ‘नुकसान’चे ‘नुस्कान’ झाले की आपण ती बोलण्यातली चूक समजतो. रोतुमनमध्ये अशी अदलाबदल हे व्याकरणच आहे. बहुतेक शब्दांना पूर्ण आणि अपूर्ण अशी दोन रूपे असतात. ‘होसा’ (फूल) याचे अपूर्ण रूप ‘होआस’, ‘तिको’ (मांस) याचे ‘तिओक’. शेवटचे व्यंजन आणि स्वर जागा बदलतात आणि पुढे सरकलेला स्वर आधीच्या स्वरासह एका दमात उच्चारला जातो. बायबलबरोबर आलेला ‘पारोफिता’ (प्रेषित) हा उसना शब्दही या नियमातून सुटला नाही. त्याचा ‘पारोफिआत’ झाला.

ही अदलाबदल सरसकट होत नाही. अंत्य स्वर आधीच्या स्वरापेक्षा अधिक विवृत असेल, म्हणजे तोंड अधिक उघडून उच्चारला जात असेल, तरच ती होते. नसेल तर तो गळतो : ‘राको’ (अनुकरण करणे) याचे ‘राक’. ‘मोसे’ (झोपणे) मधला ए मात्र जाता जाता आपली खूण ठेवतो. त्याच्यामुळे आधीचा ओ बदलतो : ओठ ओ म्हणताना असतात तसे गोल, पण जीभ ए म्हणताना असते तशी पुढे. ‘फुती’ (ओढणे) मधल्या उ-चीही हीच गत. अशा रीतीने मूळचे पाच स्वर उच्चारात दुपटीच्या घरात जातात.

या दोन रूपांवर अर्थही अवलंबून असतो. ‘एपा ला होआ’ म्हणजे ‘(त्या) चटया आणल्या जातील’. ‘एआप ला होआ’ म्हणजे ‘काही चटया आणल्या जातील’. मराठीत त्यासाठी ‘त्या’, ‘काही’ असे वेगळे शब्द लागतात. शब्दसमूहात शेवटचा सोडून इतर शब्द सहसा अपूर्ण रूपात येतात. भाषेचे स्वतःचे नावही ‘फॅएआङ रोतुआम’ असे आहे. त्यात बेटाच्या नावाचीच उलटापालट झालेली दिसते.

शब्दसंग्रहात दोन थर आहेत. वारशाने आलेल्या शब्दांत जुन्या त-चा फ आणि प-चा ह झाला : सामोअन या पॉलिनेशियन भाषेतील ‘तोलु’ (तीन), ‘फितु’ (सात) यांच्या जोडीला रोतुमनमध्ये ‘फोलु’, ‘हिफु’ आहेत. पॉलिनेशियन शेजाऱ्यांकडून नंतर घेतलेल्या शब्दांत त तसाच राहिला. त्यामुळे नुसत्या ध्वनींवरूनही शब्द घरचा की उसना हे बरेचदा ओळखता येते. भाषाशास्त्रज्ञ ब्रूस बिग्ज यांनी १९६५ मध्ये हे थर वेगळे करून दाखवले. त्याआधी वरवरच्या साम्यामुळे रोतुमनला पॉलिनेशियन ठरवण्याचा मोह अभ्यासकांना होत असे. आता तिचे नाते फिजीच्या पश्चिम भागातील बोलींशी अधिक जवळचे मानले जाते.

लेखनासाठी रोमन लिपी वापरतात. मेथडिस्ट मिशनरी सी. मॅक्सवेल चर्चवर्ड यांचे व्याकरण व कोश १९४० मध्ये प्रसिद्ध झाले; पूर्ण-अपूर्ण ही विभागणीही त्यांचीच. त्यांच्या पद्धतीत बदललेल्या स्वरांवर टिंबे देतात, तर ङ साठी रोमन ‘जी’ आणि च साठी ‘जे’ हे अक्षर योजतात. ‘ङाङाचा’ हा शब्द म्हणूनच परक्या वाचकाकडून हमखास ‘गागाजा’ असा वाचला जातो.