शावर्मा आणि अल पास्तोर: सळई तीच, नावाचा अर्थ वेगळा

लॉस एंजेलिसमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेली आपली मंडळी रात्री उशिरा पहिल्यांदा टाकोच्या गाडीसमोर उभी राहतात, उभ्या सळईवर फिरणारा मांसाचा लालभडक शंकू पाहतात आणि ‘हा तर मेक्सिकन शावर्मा’ असे सांगून मोकळी होतात. त्यांच्यापैकीच कोणी दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या गाडीवर जाऊन तोच ‘अल पास्तोर’ मागवतो आणि ‘काल उगाच कौतुक केले’ असे म्हणतो. हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत आणि दोन्हींचे मूळ एकच आहे.

शावर्मा पुण्या-मुंबईच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. अल पास्तोरचे त्याच्याशी नाते मात्र खरे आहे. मध्यपूर्वेतून मेक्सिकोत गेलेल्या स्थलांतरितांनी 1930 च्या दशकात पुएब्ला शहरात उभ्या सळईवर भाजलेले मांस पोळीत गुंडाळून विकायला सुरुवात केली आणि त्या पदार्थाला ‘ताकोस आराबेस’, म्हणजे अरबी टाको, असे नाव पडले. पुढे मेक्सिको सिटीत त्याला आजचे रूप आले. आपल्याकडचा शावर्मा बहुधा कोंबडीचा असतो, तर अल पास्तोर डुकराच्या मांसाचा असतो. जे ते खात नाहीत त्यांनी हे मागवण्याआधीच लक्षात घ्यावे. शावर्म्याला मैद्याची रोटी लागते आणि याला चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याची तळहाताएवढी तोर्तिया लागते. मेयोनेज तर यात नसतेच आणि कृपया मागूही नये. हे सारे फरक एकदा खाल्ले की आपोआप कळतात.

जो फरक वर्षानुवर्षे खाऊनही कळत नाही, तो नावातला आहे. ‘शावर्मा’ हा शब्द ‘फिरवणे’ या अर्थाच्या तुर्की शब्दावरून आलेला आहे, म्हणजे सळईवर फिरणे हे त्या नावातच आहे. ‘अल पास्तोर’चा अर्थ ‘मेंढपाळाच्या पद्धतीचे’ एवढाच होतो आणि त्यात फिरण्याचा उल्लेख नाही. त्यामुळे व्यवहारात हे नाव भाजण्याच्या रीतीवरून घसरून वाटणावर येऊन बसले आहे. भिजवलेल्या सुक्या ग्वाहियो मिरच्या, शेंद्रीच्या बिया, लसूण आणि व्हिनेगर यांच्या लाल वाटणात मुरवलेले डुकराचे मांस तव्यावर परतले, तरी फळ्यावर ‘अल पास्तोर’ असेच लिहिले जाते. विकणारा फसवत नसतो. नावाने सळईची हमी कधी दिलेलीच नसते.

ताटलीत मात्र हे दोन वेगळे पदार्थ असतात. सळईला स्पॅनिशमध्ये ‘त्रोम्पो’, म्हणजे भोवरा, म्हणतात. तिच्यावर मांसाचे पातळ काप एकावर एक रचलेले असतात आणि आचेकडची कड करपून कुरकुरीत झाली की टाको बांधणारा लांब सुरीने तेवढाच पापुद्रा उतरवतो. डाव्या हातातली तोर्तिया तो खाली धरतो, पापुद्रे थेट तिच्यात पडतात आणि शेवटी माथ्यावरच्या अननसाची चकती सुरीच्या टोकाने उडवून तो तिच्यातच झेलतो. तव्यावरच्या पास्तोरमध्ये ही कड नसते. बारीक तुकडे आपल्याच रसात शिजतात, मऊ पडतात आणि तो लाल रस तोर्तियात झिरपून ती हातात येईपर्यंत फाटू लागते. चव वाईट नसते, पण माझ्या मते ज्यासाठी मध्यरात्री रांगेत उभे राहावे, ते हे नव्हे.

रात्रीच का, याचेही कारण सळईतच आहे. आच फक्त बाहेरच्या थराला लागते. तो उतरवला तरच आतला भाजू लागतो आणि उतरवायला गिऱ्हाइकांची रीघ लागते. गिऱ्हाईक थांबले की तोच थर वाळून चामड होतो. म्हणून अनेक गाड्या अंधार पडल्यावरच त्रोम्पो पेटवतात आणि दिवसा त्याच नावाने तव्यावरचे देतात. मी स्वतः एकदा दुपारी चार वाजता विझलेल्या सळईसमोर उभा राहून चार पास्तोर मागवले आणि तव्यावरचे घेऊन परतलो. ला ब्रेया आणि व्हेनिस या रस्त्यांच्या चौकातल्या ‘लिओज टाकोज’च्या गाडीसमोर रात्री उभे राहिले, तर फिरता त्रोम्पो आणि उडता अननस दोन्ही डोळ्यांनी पाहता येतात.

इतरत्र पैसे देण्याआधी ‘देल त्रोम्पो ओ दे ला प्लांचा?’, म्हणजे सळईवरचे की तव्यावरचे, असे सरळ विचारावे. एवढी स्पॅनिश पुरते आणि उत्तरही सरळ मिळते. उत्तर ‘प्लांचा’ आले, तर मी पास्तोर सोडतो आणि कार्ने असादा, म्हणजे भाजलेल्या गोमांसाचे टाको, मागवतो. वर कांदा, कोथिंबीर आणि लिंबू असले की झाले.