पासष्टीची अट आणि ज्येष्ठ नटाची कमाई

नाटकात नटाला ‘नाईट’ मिळते: प्रयोग झाला तर पैसे, रद्द झाला तर बहुधा काहीच नाही. मालिकेत दिवसाचा दर ठरतो, पण पैसे साधारण ९० दिवसांनी हातात पडतात. २०२० मध्ये, कोविडच्या काळात, पासष्टीच्या पुढच्यांना सेटवर मनाई केल्यावरून झालेला वाद या हिशेबाशिवाय कळत नाही.

१९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हा रंगभूमीवरच्या नटाचा मुख्य धंदा नाटकच होता. पुढच्या मालिका आठवड्याला एक भाग, बऱ्याचदा तेरा भागांत आटोपणाऱ्या. प्रयोगांच्या तारखा सांभाळून चित्रीकरण उरकता येई. १९९९ पासून खासगी मराठी वाहिन्या आल्या आणि दैनंदिन मालिकांनी गणित फिरवले. आठवड्याला पाच-सहा भाग, बारा तासांची शिफ्ट. नाटके शनिवार-रविवारवर आली, मधल्या वारचे प्रयोग आणि लांबचे दौरे आटले. आजोबा, आत्या, मामंजी रंगवणाऱ्यांचे घर मालिकेवर चालू लागले.

मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे आणि चित्रीकरण दोन्ही बंद झाले. नाईट तिथेच थांबली. मालिकेचे फेब्रुवारी-मार्चचे पैसे मे-जूनपर्यंत येणार होते, खरा खड्डा त्यानंतरचा. नेमक्या त्याच तोंडावर, ३० मे रोजी, राज्य सरकारची नियमावली आली: सेटवर ३३ टक्केच माणसे, आणि पासष्टीच्या पुढच्या कोणालाही मनाई.

हेतू आरोग्याचा होता, पण अट सरसकट होती. पासष्टीपुढच्या दुकानदाराला दुकान उघडता येत होते. नटाला मात्र काम करता येत नव्हते. लेखकांनी आजोबांना गावी धाडले, फोनवर दाखवले. हे थोडे दिवस खपते. मग त्या पात्राचा ट्रॅक, म्हणजे कथेचा धागा, गुंडाळतात, नाहीतर दुसरा नट आणतात, कारण अशा चरित्र (दुय्यम) भूमिकांना किमान दिवसांची हमी क्वचितच असते. छोट्या भूमिकांवर जगणारा एक सत्तरीचा नट उच्च न्यायालयात गेला. ७ ऑगस्टला न्यायालयाने अट भेदभावाची ठरवून रद्द केली. काळजीचे बाकी नियम कायम राहिले. निकाल योग्यच होता, तरी सरकारची भीती पोकळ नव्हती. सप्टेंबरमध्ये साताऱ्यात मालिकेच्या चित्रीकरणादरम्यान लागण झालेल्या एका ज्येष्ठ अभिनेत्रीचा मृत्यू झाला.

निकालानंतर लगेच सेटवर गेलेल्यालाही पहिले पैसे नोव्हेंबरच्या सुमारासच मिळणार होते. त्याच महिन्यात नाट्यगृहांना निम्म्या आसनांची परवानगी मिळाली, पण निम्म्या तिकीटविक्रीत पूर्ण नाईट देणे फार थोड्या निर्मात्यांना परवडणारे होते. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा सगळे बंद झाले. मालिका गोवा, दमण, सिल्वासाकडे हलल्या. मे महिन्यात गोव्यानेही चित्रीकरण थांबवले. नाट्यगृहे उघडली ती २२ ऑक्टोबरला, पुन्हा निम्म्याच आसनांवर.