जाड अक्षर लांबून वाचता येतं? तसं नसतंय भावा

कोल्हापुरात कुठल्याबी तालमीच्या फ्लेक्सला हेच ऐकायला मिळतं, फॉन्ट जेवढा जाड तेवढा लांबून वाचता येतो. चूक आहे ओ. लांबून वाचायला अक्षरातली मोकळी जागा लागते आणि रेघ जाड झाली की पहिली तीच बुजते, मग घ आणि ध, भ आणि म एकसारखेच दिसायला लागतात, क्ष-ष्ट चा तर नुसता गोळा. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा 'बालू' फॉन्ट बघा, गुबगुबीत, खेळकर, वर फुकट, 'मिसळ' असा एकच शब्द मोठ्ठा लिहिला की लय भारी दिसतो (तांबड्यावर पांढरा तर विचारूच नका). पण त्याच जाडीत खाली पत्ता, मेनू, फोन नंबर कोंबला की संपलं. त्याच्याच पुढच्या आवृत्तीत, बालू २ मध्ये, हलके वेट (म्हणजे कमी जाडीची अक्षरं) पण आहेत की, बारीक मजकुराला ते घ्या.