माळाची तब्येत बुडख्यात असते

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पुणे-सोलापूर पट्ट्यातल्या एखाद्या माळाच्या कडेला उभं राहा. गवत गुडघ्याच्या वर गेलेलं असतं, कुसळी नुकतीच तांबूस व्हायला लागलेली असते आणि सकाळचं ऊन समोरून येत असेल तर माळ काठोकाठ भरलेला दिसतो. शंभरातली नव्वद जागा गवताखाली आहे, असं कुणीही शपथेवर सांगेल. आता मान खाली घाला आणि आपल्या दोन पायांच्या मधे बघा. मुरूम, चार खडे, वाळकी काडी, मग एक ठोंब, पुन्हा मुरूम.

डोळे खोटं बोलत नाहीत, पण ते तिरके बघतात. लांबवर पाहताना पुढच्या ठोंबाआड मागची उघडी जागा लपते, त्यामागे आणखी एक ठोंब उभा असतो, आणि फटी मिटून जातात. पाऊस मात्र वरून पडतो. त्यामुळे माळ किती झाकलेला आहे हे पावसाच्या बाजूनं, म्हणजे सरळ वरून खाली मोजावं लागतं.

त्यासाठीची रीत फार साधी आहे. दोन खुंट्यांच्या मधे 50 मीटरची टेप ताणून बांधायची. दर अर्ध्या मीटरवर एक बारीक सळई उभी खाली सोडायची आणि तिला जे जे लागेल ते लिहायचं. सायकलची तार चालते, मी तीच वापरते. परवा साडेबारा मीटरवर तार सोडली तेव्हा आधी कुसळीचं पान लागलं, मग खाली पडलेली वाळकी काडी, आणि टोक टेकलं खड्यावर. नोंद तीन मजली झाली: वर कुसळी, मधे पाचोळा, तळाला खडा. तेरा मीटरवर वर काही नाही, मधे काही नाही, तळाला उघडी माती. असे शंभर टोचे झाले की हिशेबाला कॅल्क्युलेटर लागत नाही. जितक्यांदा गवत लागलं तितके टक्के आच्छादन. सुरुवातीला डोळ्यानं नव्वद म्हणणाऱ्याच्या वहीत शेवटी साठसुद्धा भरत नाहीत, असं कैकदा होतं. माझंही झालंय.

टेप ताणली की माणसं जमतात. एक मेंढपाळ आबा काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ बघत होते.

"काय मोजताय ताई? रोड जातुया का काय हिथनं?"

"नाही आबा, गवत मोजतेय."

"गवत मोजत्यात व्हय? गवत जोखत्यात."

त्यांचं बरोबरच होतं. ज्याला मेंढरं जगवायची आहेत त्याला टक्के नकोत, वजन हवं. त्याचीही रीत आहे: एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकायची, आतलं गवत विळ्यानं कापायचं, पुरतं वाळवायचं आणि तोलायचं. चौरस मीटरला 100 ग्रॅम वाळलं गवत भरलं तर हेक्टरी एक टन. यंदा चारा किती, हे त्यातून कळतं. पण पाऊस बरा झाला की खंगलेला माळही वजन दाखवतो, आणि दुष्काळात चांगला माळही दाखवत नाही. वजनात यंदाचा पाऊस बोलतो, माळाची प्रकृती कमी बोलते.

प्रकृती बघायची तर बुडख्याकडे जावं लागतं. गवताचा पसारा महिन्याभरात दुप्पट होतो, मेंढरांनी एका दुपारीत खाल्ला तर निम्मा होतो. ठोंब जिथे जमिनीतून वर येतो तो बुडखा एवढ्या चटकन बदलत नाही. म्हणून सळई बुडख्यावर टेकली तर ती नोंद वेगळी ठेवतात. बुडख्यांचे टक्के पसाऱ्यापेक्षा पुष्कळच कमी निघतात, आणि नवख्या माणसाला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. चुकलेलं नसतं.

सळईला काय लागलं त्याचं नावही लिहायचं असतं, आणि इथे हिरव्या रंगाचा भ्रम फुटतो. मारवेल, पवना, शेडा ही जनावरांची आवडती गवतं. चराई सतत आणि जड झाली की ती मागे हटतात, मग कुसळी पुढे सरसावते, कुठे नुसता तरवड आणि टाकळा उरतो, कुठे गाजरगवत. लांबून आणि उपग्रहातूनही हे सगळं हिरवंच. नाव पटवायचं तर गवत तुऱ्यावर असताना गाठावं, म्हणून ऑक्टोबर. त्याची किंमत म्हणजे घरी गेल्यावर तासभर मोज्यांतली कुसळं वेचणं. कुसळीच्या दाण्याची शेपटी ओलाव्यानं पीळ सोडते, वाळली की पुन्हा पिळते, आणि त्या फिरण्यानं दाणा स्वतःला जमिनीत गाडून घेतो. जमीन नसेल तर मेंढीच्या कातडीत. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ पटकन का दिसतं, ते तेव्हा कळतं.

पण एवढं करूनही एक गोष्ट निसटते. दोन माळ घ्या, दोन्हींवर गवत चाळीस टक्के. एकावर ठोंब वीतवीत अंतरावर पसरलेले, दुसऱ्यावर दाट पुंजके आणि मधे दोन-दोन मीटरची मोकळी मैदानं. टक्केवारी सारखी, नशीब वेगळं. पाण्याला आणि वाऱ्याला धावायला सलग मोकळी जागा लागते, आणि ती दुसऱ्या माळावर मिळते. म्हणून त्याच टेपवर झाडोऱ्यामधले खंडही, म्हणजे या मोकळ्या जागाही, मोजतात: खंड कुठे सुरू झाला, कुठे संपला. 20 सेंटिमीटरहून लहान खंड सोडून देतात. माझ्यापुरतं विचाराल तर एकच मोजणी करायला वेळ असेल, तर मी गवत सोडून हे खंड मोजीन.

या रीतींना शिस्त आली ती मुख्यतः अमेरिकेत, न्यू मेक्सिको राज्यातल्या होर्नादा इथे. 1912 पासून तिथे चराऊ रानाचं सरकारी संशोधन क्षेत्र आहे आणि 1915 पासून मीटरभराच्या कायम चौकटी आखून त्यातला एकेक ठोंब कागदावर उतरवला गेला. एकोणिसाव्या शतकातल्या जमीनमोजणीच्या नोंदींत जिथे चांगलं गवत होतं, तिथे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक ठिकाणी मेस्किटची झुडपं आणि त्यांच्या बुडाशी साठलेल्या वाळूच्या टेकड्या झाल्या. गवतातले खंड रुंदावले, वाऱ्यानं मधली माती उचलली आणि झुडपांखाली नेऊन टाकली. मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची सख्खी चुलत बहीण, म्हणून ती गोष्ट परकी वाटत नाही.

खंडातली माती कशी आहे ते तपासायची युक्ती मला सगळ्यात आवडते. उघड्या जागेतून मातीचा कोरडा कण अलगद उचलायचा, साधारण 6 ते 8 मिलिमीटर रुंद, म्हणजे लहानशा वाटाण्याएवढा पण चपटा. बारीक जाळीवर ठेवून तो खनिजरहित पाण्यात बुडवायचा आणि घड्याळ लावायचं. पाच सेकंदांच्या आत निम्म्याहून जास्त विरघळला तर गुण 1. पाच मिनिटं टिकला तर जाळी पाच वेळा वरखाली करायची, आणि तरीही तीन चतुर्थांश शिल्लक राहिला तर गुण 6. घरी चहाची गाळणी आणि काचेचा पेला घेऊन हे करून बघता येतं. ठोंबाच्या सावलीतला एक कण घ्या आणि दोन हात पलीकडच्या उघड्या जागेतला एक. बहुतेक वेळा पहिला पाण्यात तसाच बसून राहतो आणि दुसऱ्याचा बघता बघता चिखल होतो.

माती तीच असते, फरक तिला बांधणाऱ्यांचा. केसासारखी मुळं, बुरशीचे धागे, सूक्ष्मजीवांनी सोडलेला चिकट स्राव हे सगळं कणांना धरून ठेवतं, आणि त्या सगळ्यांचं पोट गवतावर चालतं. गवत गेलं की बांधणारे उपाशी राहतात. मग वळवाचा टपोरा थेंब पडला की कण फुटतात, बारीक गाळ फटींत बसतो, वर पापडी धरते आणि पुढचं पाणी मुरायचं सोडून वाहू लागतं.

हे पाणी आपल्या खुणा ठेवून जातं, आणि त्या वाचायला हत्यार लागत नाही. ठोंब लहानशा ओट्यावर उभा असेल, मुळं उघडी असतील, तर तो ओटा वर आलेला नाही. भोवतालची माती गेली आहे. वाळक्या काड्या उताराला आडव्या, बांध घातल्यासारख्या साचल्या असतील तर तिथून पाणी पळालं आहे. तुलना मात्र सारख्याच जमिनीशी करावी. टेकाडावरच्या मुरमाडाला खालच्या काळ्या रानाचा निकष लावला तर निरोगी मुरमाडही आजारी ठरेल. असल्या माळांना कागदोपत्री पडीक म्हणून मोकळं होणाऱ्यांनी नेमकी हीच चूक केली, आणि मग सुधारणा म्हणून त्यावर चर खणून गिरिपुष्पाच्या रांगा लावल्या.

टेप नको असेल तर काठीचीही रीत आहे. पूर्व आफ्रिकेतल्या पशुपालकांसाठी 2010 साली काढलेल्या मार्गदर्शिकेत एक मीटरची काठी सांगितली आहे, तिच्यावर 10, 30, 50, 70 आणि 90 सेंटिमीटरवर खुणा. मधल्या जागेपासून चार दिशांना चालायचं, दर पाच मीटरवर काठी आडवी टाकायची, पाच खुणांखाली काय आहे ते बघायचं. चार दिशा, पाच जागा, पाच खुणा, झाले शंभर टोचे. काठीच्या लांबीत एकही बुडखा नसेल तर तो मोठा खंड, त्याचीही खूण करायची.

यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे पुढल्या वर्षी नेमक्या त्याच जागी परत येणं. माझी पहिल्या वर्षाची लोखंडी खुंटी कुणीतरी उपटून बकरी बांधायला नेली. तेव्हापासून मी शेजारच्या दोन गटांच्या हद्दीच्या दगडापासून पावलं मोजते, आणि फोटो काढताना तो दगड चौकटीत येईल असं बघते.

हे मी आबांना समजावून सांगत होते. त्यांनी ऐकून घेतलं, मग काठीच्या टोकानं टेपजवळचा एक भलामोठा ठोंब फाकवला. बाहेरून तो छान वाढलेला होता, तुऱ्यांनी लवलेला. आत, मधोमध, करड्या कुजक्या काड्यांचं मूठभर भोक होतं. जिवंत गवताचं नुसतं कडं राहिलं होतं.

"ह्यो पोकळ झालाय बगा," ते म्हणाले. "पलीकडचंबी तसंच."

सळई त्या ठोंबाच्या कडेला लागली होती आणि मी 'बुडखा' असं लिहून पुढे गेले होते. फॉर्मवर पोकळ बुडख्यासाठी रकाना नव्हता. मी समासात एक रकाना आखला आणि शून्य मीटरपासून पुन्हा सुरुवात केली.