ती तारका कधी छापलीच गेली नाही

बेसबॉलबद्दल वर्षानुवर्षे सांगितलं जातं: १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका खेळाडूने एका मोसमात ६१ होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे, चेंडू मैदानाबाहेर टोलवणारे फटके) मारून १९२७ चा ६० चा विक्रम मोडला, पण विक्रमांच्या पुस्तकात त्या आकड्यापुढे तारका (*), म्हणजे ‘या विक्रमाला अट आहे’ अशी खूण, छापली गेली.

हा समज उगाच पसरलेला नाही. १९२७ मध्ये या न्यूयॉर्कच्या संघाच्या लीगमध्ये आठ संघ होते. उरलेल्या सात संघांशी प्रत्येकी २२ सामने, म्हणजे १५४. १९६१ मध्ये संघ दहा झाले. नऊ प्रतिस्पर्धी, प्रत्येकाशी १८, म्हणजे १६२. त्या जुलैत बेसबॉलच्या आयुक्तांनी जाहीर केलं, की १५४ सामन्यांनंतर विक्रम मोडला तर तो वेगळा दाखवावा. तारकेची सूचना एका पत्रकाराची. पुढे ६१ वा होम रन आला तो थेट शेवटच्या दिवशी, १ ऑक्टोबरला.

छापल्या गेल्या त्या दोन स्वतंत्र नोंदी: १५४ सामन्यांच्या मोसमात ६०, १६२ च्या मोसमात ६१. तारका नाही. १९९१ मध्ये हा भेदही काढला गेला. १९६२ ते १९९१ दरम्यानचं एखादं जुनं विक्रमपुस्तक, किंवा त्याची स्कॅन प्रत, उघडून होम रनचं पान पाहा.

आणखी एक आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. सामने आठ वाढले खरे, पण १९२७ चा विक्रमवीर मोसमात ६९१ वेळा फलंदाजीला आला होता आणि १९६१ चा ६९८ वेळा. फरक फक्त सातचा.